ऐंशी पौंडांवरचा आवाज

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कवळीकर मागच्या अंगणात उकिडवा बसून आपल्या छोट्या वाफेच्या इंजिनाच्या चाकांना तेल देत होता, आणि मान वर केली तर समोर बायको उभी. हात ओले, कोपरापर्यंत साबणाचा फेस, आणि तोंड हलतंय. ती काय म्हणतेय ते त्याला आधी कळलंच नाही. मग तिने त्या ओल्या हाताने इंजिनाच्या पाठीकडे बोट दाखवलं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला होता. करंगळीएवढ्या पितळी नळकांड्यातून वाफ सरळ वर चालली होती. उन्हात ती जेमतेम दिसत होती, पण तिच्यामागची कंपाउंडची भिंत पाण्यात पाहावी तशी थरथरत होती. प्रेशरचा काटा ऐंशीच्या जरा पुढे जाऊन तिथेच घुटमळत होता.

"अहो, केव्हाची हाका मारतेय! ऐकू नाही का येत?"

"येतंय की," तो म्हणाला. "मुद्दाम उडू दिलाय. टेस्ट करतोय."

खोटं तोंडातून निघून गेलं आणि मग त्याला कळलं की ते खोटं होतं. बायको त्याच्याकडे बघत राहिली, नेहमीपेक्षा एखाद-दोन क्षण जास्त, आणि हात झटकत आत गेली. त्याने फायरबॉक्सचं दार उघडलं, हातपंपाने चार-पाच दट्टे पाणी बॉयलरमध्ये ढकललं. काटा हळूहळू खाली आला. भिंत थरथरायची थांबली, म्हणजे व्हॉल्व्ह बसला असणार. हेही त्याला डोळ्यांनीच समजलं. एकोणीस वर्षं हा व्हॉल्व्ह उडत आला होता आणि एकोणीस वर्षं तो आवाज त्याच्या मणक्यातून झर्रकन जात आला होता, आपण एखाद्या दारामागे लपलेलं असावं आणि कुणी ते दार धाडकन उघडावं तसा. आज इंजिनाने त्याच्या कानापासून दीड हातावर बोंब मारली होती आणि त्याला मुंगीचं पाऊलही वाजलं नव्हतं.

कवळीकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. चौतीस वर्षं त्याने एका डेंटल लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या, कॅपा आणि ब्रिज केले, म्हणून छोट्या इंजिनांचा नाद असलेल्या त्याच्या मित्रमंडळीने त्याचं हे बारसं केलं, आणि ते इतकं चिकटलं की पोस्टमनसुद्धा कधी कधी त्याच नावाने हाक मारी. लॅबमध्ये त्याच्या टेबलासमोर फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. माणूस कधी दिसत नसे, नुसता चावा दिसे. डाव्या बाजूनेच चावणारा, झोपेत दात खाणारा, रागीट, घाईचा, सगळे तिथे तोंड उघडून बसलेले. दिवसभर त्याच्या हातात ते बारकं कोरायचं यंत्र असे, मिनिटाला हजारो फेरे घेणारं, चिलटासारखं किणकिणणारं. कान गेले असतील तर तिथेच, थेंबाथेंबाने, एकेका दाढेबरोबर गेले असतील. पण त्या यंत्राला दोष द्यायला त्याचं मन घेईना. मेणात कोरलेली वस्तू धातूत कशी ओतायची ते त्याला तिथेच कळलं होतं, आणि इंजिनाची शिट्टी, बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या दोन्ही टोकांच्या टोप्या, तेलाच्या कुप्या, असं कितीतरी त्याने दाढा ओतायच्या मुशीतच ओतलेलं होतं. इंजिनाकडे नीट पाहिलं तर त्यात निम्मी दंतचिकित्साच होती.

दुपारभर तो घरात फिरून आवाज तपासत राहिला. कुणाला कळू नये अशा बेताने, एखादी हरवलेली वस्तू शोधावी तसा. स्वयंपाकघरातला नळ सोडला. भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा जाड आवाज आला, पण धारेचा बारीक सळसळाट नव्हता. काडेपेटीतली काडी ओढली. ज्योत दिसली, फर्र नव्हतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर ते कापडासारखं मुकाट उलटलं. रस्त्यावरून ट्रक गेला तो मात्र छातीत ऐकू आला. म्हणजे जग गेलेलं नव्हतं, त्याची फक्त धार गेली होती. आवाजांच्या कडा कुणीतरी कानशीने घासून गोल करून टाकल्या होत्या. आणि हे आज झालेलं नव्हतं, हेच त्याला जास्त लागलं. इतके दिवस तो ज्याला शांतता समजत होता, म्हातारपणाबरोबर येणारी एक प्रकारची स्वस्थता समजून मनातल्या मनात खूशही होत होता, ती ही होती.

वर्कशॉप म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली पूर्वीची अडगळीची खोली. तिला एक दार अंगणात उघडणारं. लेथ, व्हाइस, फळीवर डबे, आणि दारामागे खिळ्याला मिस्त्रींचं चामड्याचं जुनं अॅप्रन. संध्याकाळी चारच्या उन्हात तो तिथे स्टुलावर नुसता बसून राहिला. मिस्त्री त्याच्या आयुष्यात आले तेच मुळी भांडत. कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर काम करून निवृत्त झालेला दांडगा म्हातारा. दवाखान्यातून मिळालेली कवळी नीट बसेना म्हणून पत्ता काढत थेट लॅबमध्ये आला आणि ती कवळी त्याच्या टेबलावर आपटून गरजला, "यात माझं तोंड नाहीये! दुसऱ्या कुणाचं तरी तोंड माझ्या गळ्यात मारलंय!" लॅबमधले सगळे उठून उभे राहिले. तक्रार ऐकून घेताना कवळीकरने मध्ये चार वेळा काही विचारलं, पण म्हाताऱ्याने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, आपलंच बोलत राहिला. मग त्याची नजर टेबलाच्या कडेला ठेवलेल्या सिलिंडरवर गेली. जेवणाच्या सुट्टीत घासत बसलेला, मुठीएवढा. तो त्याने उचलला, उजेडात धरला, भोकातून आरपार बघितलं. "हे कशाला?" "वाफेचं इंजिन करतोय." हे मात्र त्याने तोंडाकडे बघत ऐकलं. "आणि बॉयलर?" कवळीकर म्हणाला, "तिथेच अडलंय. सांध्यांत डाख नीट उतरत नाही." मिस्त्री म्हणाले, "कवळी नीट कर. बॉयलर मी शिकवतो."

आणि शिकवला. दर शनिवारी, दुपारी दोनच्या ठोक्याला, वर्षभर. तांब्याचा पत्रा लाल तापवून पाण्यात बुडवायचा म्हणजे लोण्यासारखा मऊ होतो. मग लाकडी ठोकळ्यावर त्याची कड वळवायची, चार ठोके मारले की परत तापवायचा, कारण तांबं मार खाऊन खाऊन हट्टी होतं. चांदीचा डाख काडीने जागेवर पसरायचा नसतो, उष्णतेने त्याला बोलवायचं असतं. जिथे ऊब तिथे तो आपण होऊन धावत जातो. मिस्त्री हे सगळं ओरडूनच सांगत. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुमचे गुरुजी आले वाटतं, भांडी हलायला लागली." तापवायच्या दिव्याच्या झोताखाली डाख पहिल्यांदा फटीतून चंदेरी रेघ होऊन पळाला तो क्षण कवळीकरला अजून जसाच्या तसा दिसत होता. त्याचे स्वतःचे वडील तो लहान असतानाच गेलेले. कुणी आपल्या खांद्यावरून वाकून आपलं काम बघतंय आणि ते बरोबर आलंय, हे सुख त्याला चाळिशी उलटल्यावर मिळालं होतं.

पहिल्यांदा वाफ धरली तो दिवस. अंगणात हीच जागा, हेच इंजिन, तेव्हा नुसता सांगाडा आणि त्यावर उघडा तांबडा बॉयलर. मिस्त्री पाठमोरे उभे राहून बायकोला कारखान्यातला कसलासा किस्सा सांगत होते. काटा साठ, सत्तर, पंचाहत्तर. आणि व्हॉल्व्ह उडाला. बायको किंचाळून दोन पावलं मागे गेली, शेजारच्या गॅलरीत कुणीतरी धावत आलं, कवळीकरच्या स्वतःच्या हातून तेलाचा डबा पडला. मिस्त्री मात्र पाठ फिरवून किस्सा सांगतच राहिले. एक शब्द अडखळला नाही की मान वळली नाही. किती विश्वास, असं कवळीकरला त्या वेळी वाटलं होतं. आपल्या हातच्या कामावर माणसाची किती ही श्रद्धा, की मागे वळून बघायचीही गरज वाटू नये! ही गोष्ट त्याने पुढे कितीजणांना सांगितली होती, दर वेळी तितक्याच कौतुकाने.

आता स्टुलावर बसल्या बसल्या त्याच्या अंगावर काटा आला. श्रद्धा कसली! म्हाताऱ्याला ऐकूच आलं नव्हतं. जन्मभर बॉयलरच्या पोटात बसून हातोडे ऐकलेला माणूस, ठार बहिरा. म्हणून तो समोरच्याला बोलूच देत नसे. म्हणून प्रश्न विचारला की तोंडाकडे बघे. म्हणून दार ठोठावलं तर उघडत नसे आणि लोक त्याला शिष्ट म्हणत. आणि म्हणूनच, सात-आठ वर्षांपूर्वी इंजिनवाल्या मित्रांच्या ग्रुपने त्यांना बॉयलर तपासायला कायमचं बोलवायचं ठरवलं, तेव्हा मिस्त्री एकदा आले आणि मग आलेच नाहीत. कवळीकर घरी विचारायला गेला तर म्हणाले, "काम संपलं माझं." त्यानंतर भेटी विरळ झाल्या. जाण्याआधीची शेवटची दोन वर्षं म्हातारा खिडकीशी खुर्ची टाकून एकटा बसून असे. आपण रागावलो होतो त्यांच्यावर, कवळीकरला आठवलं. आपल्याला वाटलं होतं, यांचं मन उडालं. एक वाक्य बोलले असते, नुसतं एक, तर मी दर शनिवारी जाऊन समोर बसलो असतो. पण ते एक वाक्य किती जड असतं ते त्याला आजच, साडेदहा वाजता, उचलून बघायला मिळालं होतं, आणि त्याच्यानेही ते उचललं नव्हतं.

तरीही त्याने केलं ते नेमकं मिस्त्रींसारखंच. पुढच्या रविवारी बागेतल्या छोट्या ट्रॅकवर ग्रुपच्या गाड्या धावायच्या होत्या. वर्षातून एकदा बाग त्यांना दिवसभर मिळे, आणि इंजिनामागे बुटके डबे जोडून, त्यावर मुलांना बसवून फेऱ्या मारायचा मान गेली सहा वर्षं कवळीकरच्या इंजिनाचा होता. मागे दहा-बारा पोरं, पुढे उकळत्या पाण्याचा बॉयलर, आणि तो हाकणारा आपण. मंगळवारी सकाळी त्याने ग्रुपच्या सेक्रेटरीला फोन लावला. हा पेशाने चष्मेवाला, बोलायला गोड, काम चोख. फोनमध्ये त्याचा आवाजही आज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. "यंदा माझं इंजिन धरू नका," कवळीकर म्हणाला. "का हो, काय झालं?" "बॉयलर गळतोय."

फोन ठेवून तो वर्कशॉपमध्ये व्हाइसपाशी येऊन उभा राहिला. बॉयलर गळतोय! दुप्पट दाबाला, एकशेसाठला, पंधरा मिनिटं धरला होता तेव्हा मिस्त्रींनी प्रत्येक सांध्यावरून कोरडा अंगठा फिरवला होता आणि तो कोरडाच राहिला होता. नंतर दर तपासणीतही कोरडाच. एकोणीस वर्षांत त्या बॉयलरने थेंब म्हणून गाळला नव्हता. स्वतःची लाज झाकायला त्याने म्हाताऱ्याच्या कामावर बट्टा लावला होता. तोही अशा माणसाच्या, ज्याला आता येऊन टेबलावर काही आपटताही येणार नव्हतं.

वळून बघतो तर दारात बायको. खांद्यावर कपड्यांची चळत.

"कुठे गळतोय बॉयलर?" तिने विचारलं.

तो म्हणाला, "गळत नाहीये."

"मग?"

"मला..." त्याने व्हाइसचं हँडल उगाच एक फेरा फिरवलं, परत उलटं फिरवलं. "मला रविवारी व्हॉल्व्ह ऐकू आला नाही. अजिबात नाही. तू आली नसतीस तर मला कळलंच नसतं."

तिने कपडे लेथवर ठेवले. लेथवर काहीही ठेवलेलं त्याला चालत नसे, पण आज त्याने ते तिथेच राहू दिले.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"हो, रविवारी तू बघितलंसच."

"रविवारचं नाही म्हणत मी. दोन वर्षं झाली."

त्याला आधी वाटलं, चुकीचं ऐकू आलं. ती जवळच्या खोक्यावर बसली, बरोबर त्याच्या समोर, तोंडावर उजेड येईल अशी. आणि ती अशी बसली तेव्हा त्याच्या डोक्यात एकामागून एक कितीतरी गोष्टी जागच्या हलल्या. दोन वर्षांपूर्वी तिने जेवणाच्या टेबलावरची स्वतःची जागा बदलली होती, खिडकीतून पाठीला ऊन लागतं म्हणून. दारावरची बेल बदलून जाड आवाजाची आणली होती, जुनी बिघडली म्हणून. त्याला तर ती कधी बिघडलेली दिसली नव्हती. हल्ली ती दुसऱ्या खोलीतून बोलतच नसे. काही सांगायचं असलं की उठून येई, त्याच्या दंडाला हात लावी आणि मग बोले. त्याला वाटलं होतं, उतारवयात बायको मायाळू झालीय. एकदा तर त्याने ते मित्राला फुशारकीने सांगितलंही होतं.

"म्हणजे ते हात लावणं..." तो म्हणाला.

"तेवढ्यासाठीच नव्हतं काही," ती म्हणाली, आणि हसली, आणि मग दोघंही हसले, आणि हसता हसता त्याला आपला चेहरा दुसरीकडे वळवावा लागला.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते. माझ्या वडिलांना मी तोंडावर सांगितलं होतं, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून. चार महिने बोलले नाहीत माझ्याशी. म्हटलं, परत तो घोळ नको. पण परवा मात्र घाबरले मी. उद्या साडेअकराला कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. रागवायचं असलं तर आत्ताच रागवून घ्या."

तो रागावला नाही. रागवायला आत जी जागा लागते तिथे दुसरंच काहीतरी भरून येत होतं. "पण गाडी," तो म्हणाला. "गाडी मी कानाने चालवतो. मागे पोरं असतात. पाणी कमी पडलं, पंप अडला, तर आधी आवाज बदलतो, काटा मागाहून सांगतो. ते गेलं म्हणजे..."

"पंप अडला की ती टकटक थांबते," बायको म्हणाली.

"कसली टकटक?"

"चाक फिरताना डावीकडून येते ती. पंप नीट ओढत असला की टक्, टक्, टक् चालू असते. हवा धरली की नुसती फुसफुस. मागच्या उन्हाळ्यात दोनदा थांबली होती. एकदा तुम्हाला कळलं, एकदा मी येऊन तुम्हाला पाणी हवंय का विचारलं, तेव्हा तुमचं लक्ष गेलं." ती अगदी सहज सांगत होती, दुधाला उकळी कधी येते ते सांगावं तशी. "विस्तव चांगला असला की धुराड्याचा आवाज खरखरीत येतो. राख साठली की घोगरा. आणि व्हॉल्व्ह उडायच्या आधी पाव मिनिट किटलीसारखा कुणकुणतो. ती माझी ओट्यापासून लांब व्हायची वेळ."

कवळीकर तिच्याकडे बघतच राहिला. एकोणीस वर्षं. त्या खिडकीमागे ती भांडी घासत होती, भाज्या चिरत होती, फोनवर बहिणीशी बोलत होती, आणि त्याची समजूत होती की या घरात इंजिन फक्त त्याचं आहे, तिच्या वाट्याला त्यातला फक्त तेलाचा वास आणि फरशीवर पायाला टोचणारा पितळेचा कीस आला. त्याबद्दल त्याला अधूनमधून अपराधीही वाटे. आपण तिचे कितीतरी रविवार खाल्ले असं वाटे. आणि तिने मात्र त्यातला एकही आवाज वाया जाऊ दिला नव्हता. त्याचे सगळे गेलेले आवाज तिच्याकडे जागच्या जागी होते.

"तुला हे आवडायचं?" त्याने विचारलं.

"सुरुवातीला डोकं उठायचं," ती म्हणाली. "मग बंद असलं की चुकल्यासारखं वाटायला लागलं. आता सेक्रेटरींना फोन करा आणि त्या बिचाऱ्या बॉयलरची बदनामी मागे घ्या."

बुधवारी डॉक्टरांनी त्याला एका छोट्या बंद खोलीत बसवून कानांना हेडफोन लावले आणि ऐकू आलं की बटण दाबा म्हणून सांगितलं. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही. काचेपलीकडे डॉक्टर एकामागून एक कळ फिरवत होत्या, म्हणजे आवाज चालू होते. ते आपल्या कानाशी येऊन, दार बंद बघून, तसेच परत जात होते. कानाचं मशीन यायला तीन आठवडे लागतील, आणि आलं तरी कोवळ्या वयातलं ऐकणं परत मिळणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. कवळीकरने मान हलवली. लोकांना तो स्वतः हेच सांगत आला होता: कवळी म्हणजे दात नव्हेत, पण जेवता येतं.

चष्मेवाला सेक्रेटरी सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "डोळ्यांवर चष्मा चढवायला माझ्याकडे लोक आपण होऊन येतात, वर फ्रेम शोभते का विचारतात. कानानेच काय घोडं मारलंय कोण जाणे. वहिनी मागे बसणार असतील तर माझी ना नाही. पण आधी एक रिकामी फेरी, माझ्यासमोर." मग जरा थांबून त्याने विचारलं, "मिस्त्रींचंही हेच होतं का हो?" कवळीकर म्हणाला, "हो. आपल्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही."

रविवारी बागेत वारा पडलेला होता, धूर सरळ वर जात होता. रिकाम्या फेरीत बायको त्याच्या पाठीला पाठ न लावता, त्याच्या खांद्यावरून पुढे बघत बसली. दुसऱ्या वळणावर तिने त्याच्या डाव्या दंडावर दोनदा टिचकी मारली, म्हणजे पंपाची टकटक थांबली होती. त्याने पंपाची कळ किंचित बंद करून परत उघडली, पाण्याची काच बघितली. पाणी चढत होतं. सेक्रेटरीने लांबून अंगठा वर केला. मग दिवसभर पोरं चढली, उतरली, परत रांगेत जाऊन उभी राहिली. एका मुलीने खाली उतरल्यावर त्याला गंभीरपणे काहीतरी सांगितलं, बायकोने वाकून ते त्याला परत सांगितलं, "ती म्हणतेय, तुमच्या गाडीला ताप आलाय, हात लावून बघा." त्याने हात लावून बघितला आणि म्हणाला, "खरंच की." त्याला आतून इतकं बरं वाटत होतं की त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. काही परत मिळालेलं नव्हतं. उलट, काय काय गेलंय त्याची यादी आता कागदावर होती, डॉक्टरांच्या सहीची. तरी आपल्याकडे फार आहे, आणि ते कितीतरी दिवस आपल्याला न विचारता कुणीकुणी आणून ठेवत होतं, असं त्याला वाटत राहिलं. मिस्त्रींनी आणून ठेवलं होतं. हिने तर रोज.

पाच वाजता रांग संपली. पालक मुलांना घेऊन फाटकाकडे निघाले. विस्तव अजून चांगला होता. बायको डब्यावरून उतरली, साडीवरची राख झटकली आणि म्हणाली, "मी चालवू?"

एकोणीस वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. की विचारलं होतं, पाठमोऱ्या माणसाला? त्याने तिला जागा दिली, रेग्युलेटर दाखवला, ब्रेक दाखवला. तिला ते दाखवायची फारशी गरज नव्हती. तो तिच्या मागे बसला, आणि गाडी हलली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण या गाडीत प्रवासी म्हणून कधीच बसलो नाही. काही बघायचं नव्हतं, काही ओढायचं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर मोकळे. झाडं अंगावर येत होती आणि बाजूला होत होती. बुडाखालच्या फळीतून रुळांचा एकेक सांधा त्याला कळत होता. तिच्या केसांतून वाफेचा पांढरा पुंजका मागे आला आणि त्याच्या तोंडावर ओलसर, गरम लागून गेला. तिने गाडी वळणावर हळू घेतली, त्याच्यापेक्षा जास्त हळू, आणि चढावर वाफ हलकेच वाढवली. धुराड्यातून खरखरीत आवाज येत असणार.

वळण संपल्यावर ती पुढे बघतच काहीतरी म्हणाली. त्याला तिच्या मानेची हालचाल दिसली, शब्द कळले नाहीत. ट्रॅकच्या कडेला चष्मेवाला उभा होता, त्याच्याबरोबर ग्रुपमधले आणखी तिघे, डबे उचलून ठेवत.

"ऐकू नाही आलं मला," कवळीकर मोठ्याने म्हणाला. "परत सांग."

तिने ब्रेक लावला. गाडी उभी राहिल्यावर ती अख्खी मागे वळली आणि म्हणाली, "म्हटलं, अजून एक फेरी होईल का एवढ्या पाण्यात?"

त्याने तिच्या खांद्यावरून वाकून काच बघितली. पाणी अर्ध्याच्या वर होतं.

"दोन होतील," तो म्हणाला.